सगळं थिएटर हसत असताना

नोकरीतले बहुतेक गुन्हे मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. ही एक घटना मात्र माझ्याबरोबर घरी आली. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरीही भीती माणसाला आतून कशी खाते, हे त्या तपासात मला जेवढं दिसलं तेवढं खुनाच्या तपासातही क्वचित दिसलं. यातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. काही माणसं अजून सोलापुरातच राहतात.

माझी शेवटची नेमणूक सोलापूर शहरातल्या एका ठाण्यात होती. हद्दीत एक मोठं थिएटर होतं, तीन-चार पडद्यांचं. शुक्रवारी नवा चित्रपट लागला की आमचे दोन अंमलदार तिथल्या गर्दीला असायचे. पाकीटमारी, पार्किंगवरून हाणामारी, एवढ्यापुरताच आमचा त्या जागेशी संबंध.

एका सोमवारी पुण्याहून एका चित्रपट कंपनीचे प्रतिनिधी आले. मध्यमवयीन, शांत गृहस्थ. त्यांचा नवा विनोदी चित्रपट शुक्रवारी प्रदर्शित झाला होता आणि त्याच संध्याकाळी मोबाईलवर फुकट फिरू लागला होता. कुणीतरी थिएटरात बसून अख्खा चित्रपट चोरून चित्रित केला होता.

"सोलापुरातच झालं हे कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक थिएटरला जाणाऱ्या चित्रपटात डोळ्यांना न दिसणारी एक खूण असते. चोरून घेतलेल्या चित्रीकरणातही ती उतरते. तिच्यावरून कुठल्या थिएटरच्या कुठल्या पडद्यावर, कुठल्या खेळाला चोरी झाली ते कळतं. खूण आमच्या हद्दीतल्या थिएटरची होती. खेळ शुक्रवारचा पहिला.

फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला. या गुन्ह्याची शिक्षा अलीकडेच कडक झालेली. थिएटरात परवानगीशिवाय चित्रपटाची किंवा त्याच्या एखाद्या भागाची नक्कल करायच्या हेतूने चित्रीकरण केलं, करायचा प्रयत्न केला किंवा त्याला मदत केली, तर कैद किमान तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड किमान तीन लाख, आणि वर चित्रपटाच्या खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. यातला 'किमान' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. गुन्हा सिद्ध झाला की त्याखाली उतरणं न्यायाधीशांच्याही हातात फारसं उरत नाही.

"शिक्षा जास्तच कडक नाही का?" मी सहज म्हणालो.

ते गृहस्थ रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, लोकांना वाटतं, नटाचं काय नुकसान होणार? नटाचं होत नाहीच. पण चित्रपट पहिल्याच दिवशी फुटला की निर्माता पुढचा काढत नाही. मग दिवे उचलणारा घरी बसतो, कपडे शिवणारी घरी बसते. त्यांची फिर्याद कोण घेतं?"

हेही खरं होतं. 

थिएटरवर गेलो तेव्हा तिथल्या मॅनेजरने आमचं जोरात स्वागत केलं. तिशीतला, चुणचुणीत, टाय लावलेला. चहा मागवला, न मागता खुर्च्या आणवल्या. हॉलमधला कॅमेरा नेमका त्या शुक्रवारी बंद होता, म्हणून चारदा दिलगिरी व्यक्त केली. "हे कॉलेजच्या पोरांचं काम आहे साहेब. एकदा दोघातिघांना तीन-तीन वर्षं आत टाका, सगळे सरळ येतील. धाक पाहिजे." असं म्हणून त्याने जवळच्या एका कॉलेजच्या मुलांचं वर्णनही सांगितलं. चौकशीला आलेल्या पोलिसापुढे साधी माणसं अडखळतात, विसरतात, चिडतात. हा कुठेच अडखळला नाही. तेवढं मी मनात ठेवलं.

पंचनामा वेगळाच झाला. कंपनीच्या प्रतिनिधींनी चोरीचं चित्रीकरण लावलं आणि त्यातल्या पडद्याचा कोन जुळवत आम्ही दोन पंचांसमक्ष एकेका खुर्चीवर मोबाईल धरून पाहिला. दोन-तीन खुर्च्यांवर येऊन थांबलो. मॅनेजर दाराशी उभा राहून सगळं बघत होता. त्या खुर्च्यांची तिकिटं कुणी काढली, याची माहिती आम्ही तिकीटविक्रीच्या कंपनीकडून मागवली.

ती येईपर्यंत मी ठाण्यात ते चित्रीकरण पाहत बसलो. माझ्याबरोबर आमच्या महिला हवालदार होत्या. मंद्रूपच्या, शेतकरी घरातल्या, नोकरीत बरीच वर्षं झालेल्या. ठाण्यात सगळे त्यांना ताई म्हणत. चित्रपट रंगात आला होता. नायक घसरून चिखलात पडतो, त्यावर सासरा पडतो, असलं काहीतरी चाललं होतं. थिएटरातला हशा चित्रीकरणातही ऐकू येत होता.

ताई एकदम म्हणाल्या, "साहेब, थांबवा जरा. मागं घ्या की."

मी मागे घेतलं.

"ऐका. सगळं थेटर हसतंय. पण हितं जवळ कुनीतरी रडतंय."

मी आवाज वाढवला, कान लावला. हशाच्या खाली, मोबाईलच्या अगदी जवळ, कुणीतरी हुंदका दाबत होतं. हशा थांबला की हुंदका थांबायचा. पुन्हा हशा फुटला की त्याच्या आडोशाला पुन्हा यायचा. बाईचा आवाज होता.

"चोर कवा रडतो का साहेब?" ताई म्हणाल्या. "धरल्यावर रडतो. चोरी करताना न्हाय रडत."

 त्या विनोदी चित्रपटाचा पुढचा भाग आम्ही दोघांनी हसण्यासारखं काहीच नसल्यासारखा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटांची माहिती आली. त्यातल्या एका खुर्चीचं तिकीट एका बाईच्या मोबाईलवरून काढलेलं होतं. शहराच्या पूर्वभागात राहणारी, घरात तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब. नवरा यंत्रमागावर, ती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. तिच्या नंबरवर आमच्या अंमलदाराने फोन केला तर बंद. ताई आणि मी साध्या वेशात घरी गेलो.

दार सासूने उघडलं. मागे यंत्रमागाचा खडखडाट चालू होता, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत होतं.

"सून कुठंय, अक्का?" ताईंनी विचारलं.

"कामाला गेली की."

"डबा तर हितंच दिसतोय."

सासूने वळून ओट्याकडे पाहिलं. डबा भरलेला होता, पिशवीत घातलेला होता, आणि तिथेच होता. म्हातारीचा चेहरा बदलला. कारखान्यात फोन लावला. ती आलीच नव्हती. तेवढ्यात नवरा आतून हातातला मोबाईल पुढे करत आला. मागाच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नव्हतं. बायकोचा निरोप आला होता. एकच ओळ. 'मुलीला शाळेतून तुम्ही आणा, तिला रागावू नका.'

नवऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. असले निरोप मी नोकरीत वाचले आहेत, आणि बहुतेक वेळा उशिरा वाचले आहेत. जाणारं माणूस स्वतःबद्दल काही लिहीत नाही, मागे राहणाऱ्याच्या सोयीचं लिहितं.

मी नियंत्रण कक्षाला फोन केला. निरोप पाठवण्यापुरता तिचा मोबाईल चालू झाला होता, तेवढ्यात त्याचं ठिकाण मिळालं. कंबर तलावाच्या बाजूचा टॉवर.  नवरा मागच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला होता आणि "काय झालं साहेब, काय केलं तिनं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. मला चोर धरायला जायचं होतं. तरी सिग्नलला गाडी थांबली की मी चालकाला गाडी पुढे काढायला सांगत होतो.

ती तलावाच्या काठी, जिथे लोक सहसा जात नाहीत अशा बाजूला, पाण्याकडे तोंड करून बसली होती. नवरा धावायला लागला. ताईंनी त्याला दंडाला धरून थांबवलं. "तुमी न्हाय. मी जाते." पदर सारखा करून त्या फिरायला आलेल्या बाईसारख्या सावकाश चालत गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.  मग पाण्याची बाटली पुढे केली. "ऊन लई हाय. घ्या की."

ताईंनी मला नंतर सांगितलं, तिने पाणी घेतलं नाही. फक्त विचारलं, "तुम्ही पोलीस का?"

"व्हय."

"मग मी मेले तर शिक्षा माझ्या पोरीला लागते का?"

ताईंनी तिचा हात धरला. तो सोडला ठाण्यात आल्यावरच.

ठाण्यात तिला माझ्या खोलीत बसवलं. तीसच्या आतबाहेरची, अंगाने किरकोळ. नवरा बाहेरच्या बाकावर. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत ती बोलायला लागली. "मीच केलं साहेब. मी एकटीनं केलं. तीन महिने ते तीन वर्षं कैद, तीन लाख दंड. चित्रपटाचा भाग घेतला तरी गुन्हा, प्रयत्न केला तरी गुन्हा. मला माहीत आहे. माझ्या पोरीला काही करू नका."

मी लेखणी खाली ठेवली. माझ्या ठाण्यातल्या निम्म्या अंमलदारांना हे कलम पाठ नव्हतं. गुन्हा दाखल करताना मला स्वतःला पुस्तक उघडावं लागलं होतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

तिने मान खाली घातली.

"सिनेमा बघताना रडत होतीस. का?"

तिने एकदम वर पाहिलं. आम्हाला ते कसं कळलं, हे तिला उमगेना. मग तिचा बांध फुटला. ती बराच वेळ रडली. मी थांबलो. जबाब घेताना थांबता येणं ही अर्धी विद्या आहे.

तिने सांगितलेली हकीकत अशी. काही महिन्यांपूर्वी ती मुलीला घेऊन त्याच थिएटरात गेली होती. मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनात एका गाण्यावर नाचायचं होतं. गाणं मोबाईलवर मिळत होतं, पण त्यातला नाच पूर्ण दिसत नव्हता. म्हणून गाणं लागल्यावर तिने मोबाईल वर धरला. थोड्याच वेळात अंगावर बॅटरीचा झोत पडला. मॅनेजर होता. मुलीला तिथेच बसवून त्याने तिला जिन्याखालच्या एका लहान खोलीत नेलं. स्वतःच्या मोबाईलवर कायदा उघडून वाचून दाखवला. शिक्षेचा शब्दन् शब्द.

"मी पाया पडले," ती म्हणाली. "म्हणाला, बोल, मी सिनेमा चोरला. तसं बोलायला लावून व्हिडिओ काढला. आधार कार्डाचा फोटो घेतला. मग म्हणाला, दया करतो, जा."

पंधरवड्याने फोन आला. त्याने तिच्याकडून कापडी पिशव्या शिवून घेतल्या. बाजूला पायपिनच्या, म्हणजे शिवणीवरच्या पट्टीच्या, खाली बारीक भोक, आत टॉवेलच्या कापडाची गादी, म्हणजे मोबाईल हलू नये. मग एका शुक्रवारी तिलाच तिकीट काढायला लावलं, स्वतःच्या नंबरवरून. मोबाईल त्याचा, पिशवी तिची, नाव तिचं. माग लागलाच तर तिच्यापाशी थांबावा, अशी ती व्यवस्था होती.

"किती पिशव्या शिवल्या?"

"बऱ्याच."

म्हणजे तिच्यासारखे आणखी होते.

"आणि आज सकाळी?"

"फोन केला त्यानं. म्हणाला, पोलीस खुर्च्या मोजून गेलेत, तुझ्यापर्यंत येणार. माझं नाव घेतलंस तर पोरीची शाळा मला माहीत आहे. तीन वर्षं आत बसशील, तोवर पोरगी मोठी होईल, लोक तिला काय म्हणतील? त्यापेक्षा..." ती थांबली. "पुढं काही बोलला नाही. फोन ठेवला."

मी विचारलं, "पहिल्याच दिवशी आमच्याकडे का आली नाहीस?"

"येऊन काय सांगू? तुम्ही विचारला असता, व्हिडिओ केलीस का? मी म्हणाले असते, व्हय. मग?"

 तिने विचारलेलं अगदी बरोबर होतं. मॅनेजर खोटं बोलून तिला भिववत नव्हता. तो छापलेला कायदा वाचून दाखवत होता. त्यात 'हेतू' असाही एक शब्द आहे, पण तो त्याने वाचला नाही आणि तिला त्याचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं.

तिच्या नवऱ्याला आत बोलावून सगळं सांगितलं. तो तिच्यापुढे खाली बसला. "मला का नाही सांगितलीस?"

"तुम्ही भांडायला गेला असता. मग तुम्हालाही आत टाकले असते. पोरीला कोण?"

नुसता तिचा जबाब पुरेसा नव्हता. मॅनेजर सगळं नाकारणार, आणि पुराव्याच्या बाजूने पाहिलं तर नाव, नंबर, तिकीट, सगळं तिच्याच विरुद्ध. आम्ही दोन पंच बोलावले आणि तिचा मोबाईल माझ्या टेबलावर चालू करून ठेवला. फोन येईल याची खात्री होती. ठाण्यात नेहमीची वर्दळ चालू होती, कुणाची दुचाकी हरवलेली, कुणाचं शेजाऱ्याशी भांडण. माझ्या खोलीचं दार ताईंनी लावून घेतलं. ती मोबाईलकडे साप बघावा तशी बघत होती.

मोबाईल वाजला. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने स्पीकर लावून उचलला. ध्वनिमुद्रण चालू होतं.

पलीकडून पहिलं वाक्य आलं, "अजून आहेस का तू?"

 एक पंच उठून खिडकीशी गेला. मॅनेजर सकाळी अर्धवट वाक्य टाकून आता त्याचा परिणाम विचारत होता.

"आहे," ती म्हणाली.

"पोलीस आले?"

"नाही."

"शिल्लक पिशव्या घरात ठेवू नकोस. घेऊन ये तीनच्या खेळाला, मागच्या जिन्याकडं. तुझा व्हिडिओ पुसून टाकतो. आणि रडका चेहरा करून येऊ नकोस, लोक बघतात."

फोन बंद झाल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं की जायची सक्ती नाही, आम्ही दुसरा मार्ग काढू. ती म्हणाली, "तो व्हिडिओ त्याच्याकडं हाय तोवर मी जिवंत नाही साहेब. जाते." तिच्या घरून पिशव्या आणल्या. ताई तिच्या मागोमाग चालणार, दोन अंमलदार पार्किंगमध्ये, मी आणि पंच मागच्या जिन्याच्या वरच्या वळणावर. ठरलं होतं असं की पिशवी हातात घेतली की धरायचं.

नोकरीत मी बरेच सापळे लावले. शस्त्रं असलेल्या माणसांसाठीही लावले. त्या दुपारइतका घाबरलो नाही. जिन्यात अंधार होता. आतून चित्रपटाचा धडधडाट भिंतीतून येत होता, त्यामुळे खालचं बोलणं ऐकू येईना. ती आली. मॅनेजर आला. त्याने पिशवी घेतली नाही. तिला कोपराला धरून जिन्याखालच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

मी धावलो. ताई माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी दारावर खांदा घातला, एकदा, दोनदा. दार हललं, उघडलं नाही. आतून ती ओरडली की चित्रपटातली कुणी बाई ओरडली, हे मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या धक्क्याला कडीचे स्क्रू निघाले.

ती भिंतीला टेकून उभी होती, पिशव्या छातीशी धरून. तिला इजा झाली नव्हती. मॅनेजर एका हातात तिचा मोबाईल आणि दुसऱ्या हातात स्वतःचा धरून होता. तिला तो आणखी एक व्हिडिओ बोलायला लावत होता. सगळं मी एकटीनं केलं, यात थिएटरच्या कुणाचा संबंध नाही, असं. आम्हाला पाहून तो हसला. "बरं झालं आलात साहेब. ही बघा, धरली मी हिला."

त्याचा मोबाईल पंचांसमक्ष जप्त केला. ठाण्यात तो उघडून पाहिला तेव्हा खोलीत आम्ही चौघे-पाच जण होतो. एकामागून एक चेहरे येत गेले. त्याच भिंतीसमोर उभी केलेली माणसं. एक परकर-पोलकं घातलेल्या नातीचा हात धरलेले आजोबा. कॉलेजची मुलगी, ओढणी तोंडावर घट्ट धरलेली. एक रिक्षावाला, खाकी शर्टातला, दोन्ही हात जोडलेला. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, मी सिनेमा चोरला. मॅनेजरने जबाबात आढ्यतेने सांगितलं, "जे उलटून भांडायचे त्यांना मी सोडून द्यायचो. जे हात जोडायचे ते कामाचे." घेतलेलं चित्रीकरण तो परगावच्या एका टोळीला पाठवायचा. त्या टोळीतले काही सापडले, काही नाही.

आता प्रश्न त्या बाईचा होता. सरकारी वकिलांनी मला बसवून सांगितलं, "धमकीखाली केलेल्या कृत्याला कायद्यात सूट आहे, पण ती त्याच क्षणी जीव जाईल अशा भीतीची. मुलीच्या शाळेचं नाव घेतलं, एवढ्यावर ती लागू पडत नाही. तिच्यावर दोषारोप ठेवला आणि सिद्ध झाला, तर किमान शिक्षा होणारच." मी पुण्याच्या त्या प्रतिनिधींना बोलावून फोनवरचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. "अजून आहेस का तू?" ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शिक्षा कमी करा असं मी म्हणणार नाही साहेब. पण ही बाई आमची आरोपी नाही." तसं त्यांनी कंपनीतर्फे लिहून दिलं. वकिलांनी अभिप्राय दिला, तिचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला आणि दोषारोपपत्रात तिला साक्षीदार केलं. एका प्रतिनिधीच्या जागी दुसरा असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही टाळतो.

बाकीच्या चेहऱ्यांना साक्षीसाठी शोधायला मी स्वतः फिरलो, गणवेश न घालता. आजोबांच्या मुलाने दारातूनच परत पाठवलं. कॉलेजची मुलगी आईच्या मागे उभी राहून "मी नाहीच ती" म्हणाली. रिक्षावाला घर सोडून गेला होता. मॅनेजर कोठडीत आहे हे सांगूनही कुणी पुढे येईना. त्यांची भीती मॅनेजरची नव्हतीच.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला गेलो. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा आरोपीच्या वकिलांनी मुद्द्यालाच हात घातला. "मुलीसाठी गाण्याचं चित्रीकरण तुम्ही केलं की नाही? हो किंवा नाही?"

ती माझ्याकडे बघू लागली. न्यायाधीशांनी तिला समजावलं की उत्तर द्यावं लागेल, पण या उत्तरावरून तिच्यावर खटला होणार नाही. ते तिला कितपत कळलं कोण जाणे. 

"केलं," ती म्हणाली. "चुकलंच माझं. पण त्या दिवशी मला कुणी नुसतं म्हटलं असतं, बाई, फोन आत ठेव, तर मी ठेवले असते की."

मॅनेजरला शिक्षा झाली, आणि ती कडक झाली याचं मला समाधान आहे. चोरीचा धंदा करणाऱ्याला कडक शिक्षा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण धंदा करणारा आणि मुलीच्या नाचासाठी मोबाईल वर धरणारी आई, या दोघांवर एकच 'किमान' टांगता आलं, की त्या टांगत्या गोष्टीचा उपयोग कायद्याआधी गुंड करतो. कारण गुंडाला कोर्टात काही सिद्ध करावं लागत नाही, फक्त वाचून दाखवावं लागतं. कडक शिक्षेने चोर किती घाबरले हे मी सांगू शकत नाही. साधी माणसं किती घाबरली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. ती इतकी घाबरली की ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा तलावाचं पाणी त्यांना जवळचं वाटलं.

निकालानंतर मी त्या रिक्षावाल्याच्या घरी पुन्हा गेलो. आई एकटीच होती, दारात तांदूळ निवडत बसलेली. मुलगा हैदराबादकडे कुठेतरी असतो, नंबर बदलत राहतो, म्हणाली. त्याने थिएटरात काय घेतलं होतं, ते मी व्हिडिओतल्या त्याच्या कबुलीतच ऐकलं होतं. नायक पडद्यावर येतो तेवढा तुकडा, मित्रांना दाखवायला.

मी म्हणालो, "अम्मा, त्याला कळवा. तो माणूस तुरुंगात गेला. आता परत यायला हरकत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "और कायदा? कायदा गेला काय, साब?"

"नाही. कायदा आहे."

"मग कसा येईल तो?" म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.